अंगणवाडीच्या काट्यावरचा हवालदार

आमचे हे रजेवर आले की बॅग ओटीवर ठेवायचे, आईच्या पाया पडायचे आणि चहा पिऊन झाला की माझ्याकडे अंगणवाडीची किल्ली मागायचे. बायको कित्येक महिन्यांनी दिसलेली असते. तिच्याकडे किल्ली मागणारा नवरा अख्ख्या खेड तालुक्यात दुसरा नसेल. पहिल्यांदा मागितली तेव्हा मला भलतंच वाटलं. दुपारची वेळ, अंगणवाडी रिकामी, मी किल्ली देताना थोडी लाजलेसुद्धा. मागोमाग जाऊन बघते तर हे शर्ट काढून वजनाच्या काट्यावर उभे.

मी आमच्या गावची अंगणवाडी सेविका. पोरांना खाऊ घालायचा, गाणी म्हणायची, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाचं वजन करून तक्त्यावर टिंब मांडायचं. टिंब हिरव्या पट्ट्यात पडलं तर सगळं ठीक. पिवळ्यात पडलं तर आईला बोलावून घ्यायचं. लाल पट्ट्यात पडलं तर पोराला डॉक्टरला दाखवायचं आणि त्याच्या घरी रोज डोकावायचं. गरोदर बायकांसाठी एक मोठा काटा आहे, आकडे दाखवणारा. आमचे हवालदार त्यावर उभे राहायचे. पट्टा काढायचे, घड्याळ काढायचे, गळ्यातला काळा दोरासुद्धा काढून खिडकीत ठेवायचे.

"दोऱ्याचं असं किती वजन असणार?" मी विचारलं.

"तुला न्हाय कळायचं," म्हणाले.

मला न कळण्यासारखं काय होतं त्यात? मी वजनाचीच भाकरी खाते. पण तेव्हा मी हसून सोडून दिलं. फौजी माणसाचे चाळे असतात, कुणी बूट चमकवतं, कुणी वजन करतं.

माझं माहेर अलोऱ्याचं, धरणाच्या कामासाठी बांधलेल्या कॉलनीतलं. वडील प्रकल्पात होते. तिथं सगळं मापात असायचं. घरं सारखी, पाणी ठरल्या वेळेला, पाहुणे सांगून येणारे. लग्न होऊन सासरी आले आणि पहिल्यांदा भरल्या घरात भरपूर जेवणारी माणसं पाहिली. आमचे हे त्यात अव्वल. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत यांनी एका बैठकीत संपवलेल्या मोदकांची गोष्ट वाडी अजून सांगते, आणि दर वर्षी त्यात थोडे मोदक वाढतात. तेव्हा ते नुकते भरती झालेले, अंगाने वेताच्या काठीसारखे. खाल्लेलं कुठे जायचं देव जाणे. सासूबाई वाढत राहायच्या आणि हे जेवत राहायचे. त्या मायलेकांचं बोलणं असं फारसं नव्हतंच. जे काय होतं ते पानावरच होतं.

आमच्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत आहे किंवा होऊन गेला आहे. माझे सासरे नाईक म्हणून परत आले आणि लवकरच गेले. त्यांचा वर्दीतला फोटो ओटीवर आहे. सासूबाईंची एकच इच्छा होती, मुलाच्या खांद्यावर स्टार बघायचा. नायब सुभेदार झालं की स्टार लागतो, लोक साहेब म्हणतात. हे हवालदारपर्यंत व्यवस्थित चढले. पुढच्या पायरीला मात्र वजन आडवं आलं.

ते कसं आलं हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. आधी फार उंचावरच्या चौकीवर पोस्टिंग होतं. तिथं अन्न जात नाही, डब्यातलं बघूनच मळमळतं, माणूस नुसता वाळतो. खाली आल्यावर त्याच शरीराला भूक लागते ती थांबत नाही. त्यात यांचा गुडघा दुखावला, पळणं बंद झालं, आणि साहेबांनी स्टोअरमध्ये बसवलं. सामान मोजायचं, पुरी-भाजी खायची. दोन वर्षांत पोट सुटलं. मग तपासणीत वजन जास्त भरलं. फौजेत उंचीला किती वजन चालतं त्याचा तक्ता असतो म्हणे, माझ्यासारखाच. फक्त माझ्या तक्त्यात कमी भरलेल्यांची काळजी करतात आणि त्यांच्या तक्त्यात जास्त भरलेल्यांना शिक्षा होते. अशा जाड्या जवानांची वेगळी रांग करायची, जाडं जाकीट घालून उन्हात पळवायचं आणि बाकीच्यांनी बघून हसायचं. वजन उतरलं नाही तर मेडिकल कॅटेगरी खाली जाते. कॅटेगरी खाली गेली की बढती विसरायची.

हे सगळं यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. आमच्याकडची माणसं दुखणं नेहमी हसत सांगतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला रागवायचीसुद्धा सोय राहत नाही.

तर शिमग्याची रजा. बढतीच्या याद्या लागणार होत्या, आणि रजेवरून परत गेल्यावर यांचा मेडिकल बोर्ड होता. काटा बरोबर भरला तर स्टार, नाहीतर हवालदार म्हणूनच घरी. हे आले ते बारीक होऊन आले. पण चेहरा बारीक नव्हता. गाल कानाखाली सुजल्यासारखे, गालगुंड झाल्यावर दिसतात तसे. मी विचारलं तर म्हणाले दाढ दुखते. सोलकढी दिली तर नको म्हणाले, दात आंबलेत. आल्यापासून ना कैरी खाल्लेली ना चिंच, दात कशाने आंबले? कुठंतरी पाणी मुरत होतं.

रजेवर आलेल्या फौजीला वाडीतल्या प्रत्येक घरी जेवायला बोलवायचं, ही आमची रीत. कुणाकडे जेवला आणि कुणाकडे नाही जेवला, हे पुढच्या रजेपर्यंत लक्षात ठेवतात. एका घरी वडे-सागोती झाली की दुसऱ्या घरची कोंबडी आदल्या दिवसापासून डालग्याखाली झाकलेली असते. पुरे म्हणण्याला अर्थ नसतो. पानावर आडवा हात धरला तर हाताच्या वर वाढतात. बरं, हे प्रेमानेच चाललेलं असतं, त्यामुळे कुणाला काही म्हणता येत नाही. हे सगळीकडे जायचे, मान खाली घालून जेवायचे, दोनदा मागून घ्यायचे. काकवा धन्य व्हायच्या. आणि हात धुतले की तांब्या घेऊन, "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणून खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूला निघायचे.

सासूबाईंना त्याचंही कौतुक. "फौजी गडी तो. जेवून लोळत न्हाय."

एका दुपारी मी काजूच्या बिया गोळा करायला पऱ्यावर गेले होते. उन्हाळ्यात आमचा पऱ्या आटतो, नुसते डबके राहतात आणि दगड. हे किंजळीच्या खोडाला डावा हात टेकून वाकले होते. उजव्या हाताची दोन बोटं घशात. आजारी माणूस ओकतो तेव्हा त्याच्या अंगात ताकद नसते, हात कुठे पाय कुठे होतात. तसं यांचं नव्हतं. हे नेमून दिलेलं काम करावं तसं करत होते. झालं, तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली, मिशा पुसल्या, पाचोळा ओढून जागा झाकली आणि केस नीट करून वर निघाले. मी झाडामागे उभी. बियांची पिशवी तिथंच राहिली. घरी जाऊन मी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. मला भीती वाटली होती आणि भीती वाटली की मला राग येतो.

पाहणारी मी एकटी नव्हते. आमच्या चुलत सासऱ्यांनीही एकदा पाहिलं असावं. त्यांनी समजुतीने बाहेर बोलायला सुरुवात केली, "घेतो थोडी. फौजी हाय, चालायचंच." झालं, वाडीत पसरलं की हवालदार पितो. आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. उलट दोघेतिघे कौतुकाने चौकशी करून गेले, कॅन्टीनची बाटली शिल्लक आहे का म्हणून. दारूला आमच्याकडे नाव आहे, जागा आहे, वेळप्रसंगी मान आहे. हे जे मी पाहिलं त्याला नावच नव्हतं. कुणाला सांगायचं तर काय शब्द वापरायचा? माझा नवरा खातो आणि टाकतो? ते तर तान्ही पोरं करतात.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर हे किल्लीसाठी आले. या वेळी मी बरोबर गेले आणि दार आतून लावलं. हे काट्यावर चढले.

"काल पऱ्यावर काय करत होतात?"

हे आकड्याकडेच बघत राहिले. आकडा थरथरतो आणि मग थांबतो.

"आधी खाली उतरा," मी म्हटलं. "मी तुमच्याशी बोलतेय, काट्याशी नाही."

उतरले. पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसले, गुडघे छातीपाशी. दोरा हातात धरून ठेवला होता. भिंतीवरच्या आंबा-केळीच्या चित्राकडे बघत बोलायला लागले.

"बडा खाना होता. सगळी पलटण एकत्र जेवते तो. सकाळी वजन होतं. मी सगळ्यांबरोबर जेवलो आणि मग लय भ्यालो. मागं जाऊन बोटं घातली. सोपं वाटलं गो. खाल्लं पण, आणि न्हाय पण."

"आणि मग?"

"मग ते माझ्या हातात न्हाय राहिलं."

मी विचारलं, असं आणखी कुणी करतं का. म्हणाले, सांगत नाहीत, पण कळतं. एक जण वजनाच्या आधी पाणी प्यायचं सोडतो. एक जण लंगरवरून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, भाकऱ्या उचलून कांबळ्याखाली ठेवतो आणि एकटा खातो. एक जण पळताना पडला, तेव्हा सगळे हसले.

"तुम्ही?"

"मी पण हसलो. न्हाय हसलो तर माझ्याकडं बघतील ना."

"तुम्ही आजारी आहात," मी म्हटलं.

"जाडा माणूस आजारी नसतो. हावरट असतो. आमच्यात असंच म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, माझ्या अंगणवाडीतलं पोर लाल पट्ट्यात आलं तर ते पोर वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही, आणि तुमच्या फौजेतल्या शहाण्यांना एवढं कळत नाही? हे एवढंच म्हणाले, की बोर्ड होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. एकदा बोर्ड झाला की बंद. गुटखा खाणारी माणसं हेच वाक्य बोलतात. मी ओळखलं. पण मी हो म्हटलं, कारण हे पाया पडल्यासारखे बघत होते आणि मला ते बघवेना.

मग पालखी आली. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी देवळातून बाहेर निघते, सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसते, घरोघरी जाते आणि मधे अंगणात नाचवतात. पालखी खांद्यावर घ्यायचा मान असतो, आणि नाचवायला ताकद लागते. रजेवर आलेल्या फौजीला पुढची बाजू देतात. यांनी त्या दिवशी सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. काट्याने आदल्या दिवशी थोडं वर दाखवलं होतं. विचारणाऱ्यांना सांगितलं, देवीचा उपास धरलाय. लोकांना केवढं कौतुक, एवढा मोठा हवालदार आणि देवीसाठी उपाशी. उपास देवीचा नव्हता, काट्याचा होता. हे तिथं फक्त मला माहीत होतं आणि मी तोंड दाबून उभी होते.

ढोल वाजायला लागले. दोन गिरक्या छान घेतल्या. तिसऱ्या वेळी यांचा गुडघा वाकला तो सरळ झालाच नाही. हे उभ्या उभ्या खाली कोसळले. मागच्या पोरांनी पालखी वरच्या वर झेलली, जमिनीला लागू दिली नाही. ढोल थांबले. शिमग्यात आमच्या गावात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

रिक्षात घालून खेडला नेलं. तिथं डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला मऊ पण डोळ्यांनी सगळं बघणाऱ्या. सलाईन लावलं, रक्त तपासलं, हृदयाचा कागद काढला. मग सासूबाईंना बाहेर बसवून त्यांनी यांचा उजवा हात हातात घेतला. बोटांच्या मुळाशी, दात लागून लागून, खपल्या धरल्या होत्या. इतके दिवस मी त्या बघत होते आणि सामान उचलताना लागलं असेल असं समजत होते.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय, पित्त हाय," हे म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बोटं घालतात."

बाई दचकल्या नाहीत, हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा आजार आहे, पुरुषांनाही होतो, औषधोपचार आहेत. ओकून ओकून अंगातले क्षार गेलेत, हृदयाचे ठोके चुकतायत. असंच चालू राहिलं तर पळता पळता हृदय थांबू शकतं. परत गेल्यावर तिकडच्या दवाखान्यात स्वतःहून सांगा, लपवू नका.

"सांगितलं की कागदावर येतं," हे म्हणाले. "कागदावर आलं की बोर्डात घेणार न्हाईत."

"आणि नाही सांगितलं तर?" बाईंनी विचारलं. त्याचं उत्तर त्या खोलीत आम्हां तिघांनाही माहीत होतं.

इकडे वाडी स्वस्थ बसली नव्हती. पालखी खांद्यावरून सुटली ही साधी गोष्ट नाही. आम्ही घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं सहाणेवर जमली आणि गुरवाने देवीला कौल लावला. कौल म्हणजे देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विचारलं काय? तर, देवी, तुझा काही मान राहिलाय काय? उजवी पडली. मग, गावाला जेवण घालायचं काय? उजवी पडली. ठरलं. आमच्या घराने देवीच्या नावाने सगळ्या वाडीला जेवण घालायचं, पहिलं पान हवालदाराचं, आणि त्या पानातलं शीत टाकायचं नाही, कारण तो प्रसाद.

मी देवीला नावं ठेवत नाही. तिला जे विचारलं त्याचं तिने उत्तर दिलं. पण याला झालंय काय, हा प्रश्न त्या एवढ्या माणसांपैकी एकानेही विचारला नाही. दुखणं खाण्याचं, आणि औषध काय काढलं, तर जेवणावळ. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. सासूबाई मात्र कामाला लागल्या. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, वरण-भात, खीर. मुलगा बरा होणार म्हणून त्या म्हातारीच्या पायांना चाकं लागली होती. तिला कसं सांगणार? हे तर सगळ्याला हो म्हणत होते, साहेबाने हुकूम द्यावा आणि यांनी हो म्हणावं तसं.

जेवणाच्या दिवशी मांडवात पंगत बसली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लेकराला सुखी ठेव, खांद्याला बळ दे, स्टार दे. यांच्या पानावर मी अगदी थोडं थोडं वाढत होते. पण सासूबाई मागून येऊन भर घालत होत्या. ढीग झाला. कुणीही आधी जेवायचं नव्हतं. सगळे यांच्या पहिल्या घासाची वाट बघत होते.

यांनी हात जोडले, आणि जोडलेलेच ठेवले.

"काका," हे गुरवाला म्हणाले, "मला हे पोटात ठेवता येणार न्हाय."

"पित्त झालं असंल," कुणीतरी म्हणालं. "लिंबू आणा रे."

"पित्त न्हाय. आणि दारू पण न्हाय." आवाज बारीक येत होता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू जात होतं. "मी जेवतो आणि खाली पऱ्यावर जाऊन बोटं घालून काढतो. वजनासाठी. सगळ्यांच्या घरचं काढलं. देवीचं काढायची माझी हिंमत न्हाय."

एक काकू उसळीचं भांडं घेऊन उभी होती. तिने यांच्यासाठी स्वतःची पाळलेली कोंबडी कापली होती. ती म्हणाली, "आमच्या घरचं पण?"

"व्हय, काकू."

तिने भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता हे उठून निघून जातील, किंवा माणसंच उठतील. भरल्या पानावरून माणूस उठला तर आमच्याकडे ते पिढ्यांचं होतं.

सासूबाई पुढे आल्या. लुगड्याचा काष्टा सावरून त्या यांच्या समोर मातीतच बसल्या. मांडवात पुरुषांच्या पंगतीत बायका बसत नाहीत, त्या बसल्या. शेजारची कोरी पत्रावळ ओढली आणि यांच्या पानातला भात हाताने काढून आपल्या पानात घ्यायला लागल्या. मग वडे. मग उसळ. ज्या बाईला जन्मात कुणाच्या पानात घालण्यापलीकडे काही माहीत नव्हतं, ती पोराच्या पानातून काढत होती, आणि अजून काढू का, असं त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मूठभर भात राहिला.

"एवढा पुरं?" त्यांनी विचारलं.

यांनी मान डोलावली.

"मग एवढाच खा. बाकीचं मी जेवतंय. शीत टाकायचं न्हाय म्हणालात ना?" त्यांनी गुरवाला विचारलं. "न्हाय टाकत."

आणि त्या जेवल्या. ती एवढीशी म्हातारी, तिचं रोजचं जेवण दोन घासांचं, ती फौजीचं अख्खं पान जेवली. सावकाश, मधे पाणी पीत. सगळी पंगत थांबली होती, आणि यांच्या मूठभर भाताला तेवढाच वेळ लागला. मी खांबाला धरून रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

वाडीत सगळं गोड झालं असं नाही. ती काकू वर्षभर आमच्याशी बोलली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. काही माणसं म्हणाली, एवढं चारचौघांत सांगायची गरज काय होती. चुलत सासऱ्यांना तर यांनी दारू पीत नाही म्हटल्याचंच जास्त वाईट वाटलं.

रजा संपली. खेडच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत आम्ही दोघं उभे होतो. हे खांद्यावरची बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर करत होते.

"बोर्डाच्या आधी सांगू काय नंतर?" एकदम विचारलं.

नंतर सांगितलं असतं तर कदाचित स्टारही मिळाला असता, मग उपचारही झाले असते. हा हिशोब त्यांच्या डोक्यात होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही डोक्यात येऊन गेला. साहेबाची बायको व्हायला कुणाला नको असतं? पण बोर्डाच्या आधी वजन उतरवायला हे काय करतील ते मला माहीत होतं.

"आधी," मी म्हटलं. "हार घातलेला स्टारवाला फोटो मला ओटीवर टांगायचा नाही."

हे गाडीत चढले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

त्यानंतर फोन येत होता तो नेहमीसारखा. पोचलो, थंडी आहे, बरं आहे. मी विचारत नव्हते. विचारलं तर हे हसत काहीतरी सांगतील आणि मला ते खरं की खोटं कळणार नाही, याची मला धास्ती होती. बोर्डाचा दिवस आला. दुपारी मी अंगणवाडी बंद करून घरी आले आणि फोन वाजला.

"सांगितलं," हे म्हणाले.

"कधी?"

"सकाळीच. काट्यावर चढायच्या आधी. डॉक्टरसाहेबांनी दार लावून घेतलं आणि ऐकलं. दवाखान्यात ठेवून घेतलंय."

"आणि बोर्ड?"

"नाव काढलं. आता स्टार न्हाय गो."

सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या स्टारसाठी त्यांनी इतकी वर्षं देवीला नवस केले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"आज काय होतं रे जेवायला?"

"राजमा-भात."

"जेवलास?"

"अर्धा जेवलो."

"आणि मग?"

"मग काय न्हाय, आये. इथंच बसलोय. कधीचा."